आकड्याशेजारची चांदणी

मशीननं दोनदा 'टुक' केलं आणि कागदाची पट्टी बाहेर सोडली. मी ती फाडली, आकडा वाचला आणि मग वरचं नाव वाचलं. चौगुले उज्ज्वला सुधाकर, वय सव्वीस. नाव माझ्याच हातानं घातलेलं होतं. सख्ख्या बहिणीचं नाव चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

"काका, ताईच्या प्लेटलेट बेचाळीस आल्यात."

"बेचाळीस काय?" हिरेमठ काकांनी मान वर न करता विचारलं.

"बेचाळीस हजार."

काकांच्या हातातली कुंकवाची चिमूट तशीच राहिली. रक्त थांबायला ज्या बारीक पेशी लागतात त्या या प्लेटलेट. धडधाकट माणसात त्या दीड लाखाच्या पुढं असतात. बेचाळीस हजार म्हणजे सुरी लावली तर रक्त थांबेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. आणि रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात ताई पहाटेपासून कळा देत होती.

दोन हजार एक सालची खंडेनवमी होती ती. मी बावीस वर्षांची, लॅबचा कोर्स करून दोन वर्षं झालेली, करंजवड्याच्या एकुलत्या एका लॅबमध्ये नोकरीला. लॅब डॉक्टर मिरजकर सरांची. सर दसऱ्याला गावी गेले होते आणि जाताना आपल्या सहीचे कोरे कागद ड्रॉवरमध्ये ठेवून गेले होते. ते नेहमीच तसं करत. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

हिरेमठ काका लॅबमध्ये सरांच्याही आधीपासूनचे. चाळीस वर्षं त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावून गावाचं रक्त मोजलं होतं. आठ महिन्यांपूर्वी मशीन आलं आणि काकांकडं रक्त काढणं आणि काचा धुणं एवढंच काम उरलं. मशीनला नारळ फोडून आत घेतलं होतं, म्हणून काका त्याला सूनबाई म्हणत. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, याचा थांग त्यांनी कधी लागू दिला नाही.

खंडेनवमीला सगळ्या गावाची अवजारं पूजेला बसतात. सुताराची करवत, न्हाव्याचा वस्तरा, डेपोतल्या एस.टी. गाड्या. काकांनी पाटावर स्वच्छ पंचा अंथरून आपला मायक्रोस्कोप ठेवला होता, त्याला झेंडूची माळ घातली होती. पूजेतल्या अवजाराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हा त्यांच्या घरचा पिढीजात नेम. मशीनलाही त्यांनी हळदकुंकू वाहिलं होतं, पण ते बंद ठेवायची सोय नव्हती. "सूनबाईला सुट्टी नसते," ते सकाळीच म्हणाले होते.

मी समोरच्या दवाखान्यात फोन लावला. फोनवर बेनाडीकर बाई स्वतःच आल्या. बाळंतपणाच्या डॉक्टर म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं आणि त्यांना घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"बेचाळीस?" त्या म्हणाल्या. "अगं, अंगावर कुठं काळंनिळं नाही, हिरड्यांतून रक्त नाही. परत लाव बघू."

"लगेच लावते."

"लवकर कर, वृषाली. पाणी हिरवं जायला लागलंय, बाळाला आत त्रास होतोय. मला बहुतेक सीझर करावं लागेल."

फोन ठेवला आणि लाईट गेली. आमच्याकडं लाईट जायला मुहूर्त लागत नसे. जनरेटर चालू करायचा, मशीन पुन्हा सुरू करायचं, ते आधी स्वतःला धुऊन घेणार, मग तयार होणार. यात पाऊण तास गेला. मी मशीनसमोर उभी राहून नखं खात होते. तीच बाटली पुन्हा हलवून मशीनखाली धरली.

टुक, टुक. सत्तावीस हजार.

पाऊण तासात पंधरा हजार उतरल्या. असाच वेग राहिला तर दुपारपर्यंत काय उरणार, हे गणित करायला मशीन लागत नव्हतं.

मी आकडा फोनवर सांगितला. बाई म्हणाल्या, "उतरतायत म्हणजे. कोल्हापूरला पाठवायला पाहिजे. अँब्युलन्स सांगते."

"आणि बाळ?"

"बाळाचे ठोके मधूनच पडतायत. तीन तासांचा रस्ता आहे, वृषाली. मी काय सांगू तुला?"

फोन ठेवते तोवर दाजी दारात. सुधाकर चौगुले, ताईचे यजमान. बाजारपेठेत त्यांचा 'चौगुले कॉम्प्युटर क्लासेस' होता आणि गावात कॉम्प्युटरबद्दल कुणाला काही विचारायचं झालं तर दाजींनाच विचारायचं. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा नोकऱ्या जाणार म्हणून लोक ओरडत होते. दाजी चौकात उभं राहून सांगायचे, "माणूस झोपतो, रुसतो, वशिला लावतो. कॉम्प्युटर कधी रुसलेला बघितलाय?" लॅबचं मशीन आलं तेव्हा रिपोर्टचा नमुना त्यांनीच कॉम्प्युटरवर बसवून दिला होता. वर लॅबचं नाव, कडेनं नक्षीची चौकट, आणि खाली ठळक ओळ: 'हा रिपोर्ट संपूर्ण स्वयंचलित संगणकीय मशीनवर तयार केलेला आहे.' ती ओळ कुणाला खोडता येऊ नये अशी सोयही त्यांनी करून ठेवली होती.

आता मात्र त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"पट्टी दे बघू."

मी दोन्ही पट्ट्या दिल्या. त्यांनी त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि नुसतं बघत राहिले.

"उतरायला लागल्यात गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "सही मागतायत माझी. न्यायला सही, आणि वाटेत काही झालं तर त्यालाही सही. काय करू सांग."

मी सरांचा गावचा नंबर फिरवला. नुसता वाजत राहिला. पुन्हा फिरवला. दसऱ्याच्या तोंडावर कोण घरात बसतंय.

तेवढ्यात काका पाटावरून उठून टेबलापाशी आले. त्यांनी पट्ट्यांना हात लावला नाही, फक्त वाकून बघितल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांच्या उजव्या डोळ्याचं झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं, त्यामुळं ते मान जरा तिरकी करून बघत.

"ही चांदणी कसली?" त्यांनी विचारलं.

दोन्ही पट्ट्यांवर प्लेटलेटच्या आकड्याशेजारी एक बारीक चांदणी छापलेली होती. मी ती आधीही कितीतरी पट्ट्यांवर पाहिली होती. आमच्या रिपोर्टात ती येत नसे.

"ते काही नाही, काका," दाजी म्हणाले. "मशीनची खूण असते ती. रिपोर्टात बरी दिसत नव्हती, म्हणून मीच काढून टाकली नमुन्यातून. लोक विचारत बसायचे, हे काय म्हणून."

"बसवायला आलेला तो इंजिनिअर काहीतरी बोलला होता की चांदणीबद्दल."

मला आठवलं. तो कंपनीचा पोरगेला इंजिनिअर जाता जाता, जेवणाच्या घाईत, म्हणाला होता: चांदणी आली की एकदा डोळ्यानं बघून घ्या. आम्ही मान डोलावली होती. मशीनचं पुस्तक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच होतं.

"रक्त किती वाजता घेतलं?" काकांनी विचारलं.

"पावणेदहाला. तुम्हीच घेतलंत की."

"पहिला आकडा?"

"सव्वादहा."

"दुसरा?"

"अकरा वाजून पाच मिनिटं."

"दोन्ही एकाच बाटलीतलं?"

"हो. तीच बाटली."

काका हळूच म्हणाले, "मग पोरी, प्लेटलेट तुझ्या बहिणीच्या अंगात उतरायला लागल्यात की बाटलीत?"

हे इतकं साधं होतं की माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बाटलीला ताई समजून बसले होते.

"मिरजेला काम शिकत असताना एका वकिलाचं रक्त असंच बघितलं होतं," काका म्हणाले. "बाटलीत आपण रक्त गोठू नये म्हणून औषध घालतो ना, ते एखाद्याच्या रक्ताला सोसत नाही. पेशी एकमेकींना चिकटून बसतात. जत्रेत बायका हात धरून चालतात बघ, तशा. सूनबाई एकेकटी मोजणार. घोळका आला की तो काय आहे तिला कळत नाही, सोडून देते. आणि जेवढा वेळ बाटलीत राहील तेवढे घोळके वाढणार."

"असं असेल कशावरून?" दाजींनी विचारलं.

"नसेल पण. बघितल्याशिवाय काय सांगू? बोटातलं रक्त घ्यायचं, बाटलीत घालायचंच नाही, आणि डोळ्यानं मोजायचं."

"तुम्ही मोजणार?" दाजींचा आवाज चढला. "काका, राग मानू नका. पण पवार मास्तरांचा मलेरिया तुमच्या नजरेतून सुटला होता. तेव्हाच तर सरांनी मशीन आणलं. माझी बायको तिकडं मरणाच्या दारात आहे आणि तुम्ही एका डोळ्यानं मोजणार?"

काकांना ते लागलं. लागलेलं दिसलं. पण ते एवढंच म्हणाले, "ही पण मोजेल की. हिला दोन डोळे आहेत."

मग ते पाटापाशी गेले. मायक्रोस्कोपसमोर क्षणभर उभे राहिले, हात जोडले, ओठ हलले. झेंडूची माळ काढून त्यांनी बाजूला ठेवली आणि पूजेतलं अवजार उचललं. मायक्रोस्कोपच्या खांबाला लावलेलं ओलं कुंकू त्यांच्या अंगठ्याला आणि बोटांना लागलं.

"काका, तुमचा नेम—"

"त्याला कळतं," ते म्हणाले. "चल, सुई आणि काचा घे."

समोर अँब्युलन्स दारात लागली होती. तिच्याही नाकावर झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू. ड्रायव्हर मागचं दार उघडून उभा होता. आतल्या खोलीत ताई कुशीवर पडली होती. तिचे केस घामानं कपाळाला चिकटले होते. मला बघून तिनं हात पुढं केला.

"काय झालंय गं मला? कुणी सांगत नाही."

"काही नाही. थोडं रक्त बघायचंय परत."

"मघाशी दिलं की."

काका पुढं झाले. त्यांनी तिचा डावा हात हातात घेतला, अनामिकेचं टोक स्पिरिटनं पुसलं आणि सुई टोचली. थेंब आला. एक थेंब त्यांनी काचेवर ओढला, दुसरा नळीत घेतला. तोंडानं ओढून घ्यायची ती नळी, आता बंद झाली ती पद्धत.

बेनाडीकर बाई दारातच होत्या. "हिरेमठ, मी पंधरा मिनिटं थांबेन. त्याच्यावर एक मिनिट नाही. नाहीतर ही गाडीत."

"पंधरात होत नाही, बाई. पेशी काचेवर बसायलाच दहा लागतात. पंचवीस द्या."

बाईंनी घड्याळ बघितलं, मग ताईकडं बघितलं. "पंचवीस."

मोजायची काच म्हणजे चौकटी आखलेली जाड काच. त्यात औषधात पातळ केलेलं रक्त घालून ओल्या कापसाच्या झाकणाखाली ठेवायचं आणि पेशी तळाला बसायची वाट बघायची. ती दहा मिनिटं मी आयुष्यात विसरलेले नाही. बाहेर कुठंतरी हलगी वाजत होती. दाजी लॅबच्या पायरीवर बसले होते आणि दर मिनिटाला आत बघत होते. मला वाटत होतं, काकांचं चुकलं तर? ही पंचवीस मिनिटं आपण रस्त्यात घालवायला हवी होती, असं उद्या कुणी म्हणालं तर? आणि काकांचं बरोबर आलं, बाईंनी सुरी लावली आणि रक्त थांबलंच नाही तर?

काकांनी मोजलं. ओठांत पुटपुटत, डावा डोळा मिटून. मग कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी लिहिलं, ते पालथं घातलं आणि स्टूलवरून उठले.

"बस. माझा आकडा बघायचा नाही."

मी बसले. आठ महिन्यांत मी एकदाही हातानं मोजलं नव्हतं. पहिल्या चौकटीत मला काहीच दिसेना, सगळं हलत होतं. मग कळलं की माझं डोकंच हलतंय. मी श्वास धरला. एक, दोन, तीन... बारीक चमकणारे ठिपके, एकेकटे, सुटे. भरपूर. मी मोजत गेले. मधेच चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. कागदावर गुणाकार केला.

काकांनी चिटोरा उलटा केला. त्यांचा आकडा एक लाख चौऱ्याऐंशी हजार. माझा एक लाख एकाहत्तर.

"तेरा हजारांचा फरक आहे!" मला रडू फुटायचं बाकी होतं. "कुणाचं चुकलं?"

"कुणाचं नाही. माणसं मोजणार म्हटल्यावर एवढा फरक पडतोच. दोघांचं अगदी एकसारखं आलं असतं तर मी घाबरलो असतो." त्यांनी बाटलीतल्या रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. "आता हे बघ."

मी बघितलं. पेशी ढिगाढिगानं चिकटून बसल्या होत्या. घोळकेच्या घोळके.

"सूनबाई बिचारी सांगत होती की," काका म्हणाले, "माझी खात्री नाही, तुम्ही बघा म्हणून. आपणच तिचं तोंड बंद केलं."

मी चिटोऱ्यावर काकांच्या आकड्याखाली माझा आकडा लिहिला आणि तो घेऊन पळत सुटले. दाजी माझ्यामागं. बेनाडीकर बाईंनी चिटोरा वाचला, एक श्वास सोडला आणि म्हणाल्या, "मला पटतंय. बाईच्या अंगावर एक डाग नाही, मला मघापासून पटतच नव्हतं. पण भूल देणारे डॉक्टर आत बसलेत. ते परगावचे. ऐंशी हजारांच्या वरचा लॅबचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय ते पाठीत सुई घालणार नाहीत. आणि नवऱ्याची सही पाहिजे."

"हे असलं मी नाही मानत," दाजी म्हणाले. त्यांनी चिटोऱ्याकडं बोट केलं. "मशीन सत्तावीस म्हणतंय आणि हे पेन्सिलीनं एक लाख चौऱ्याऐंशी. दोघांचे आकडेसुद्धा जुळत नाहीत, बाई! मी सही केली आणि तिचं रक्त थांबलं नाही, तर मी कुणाला तोंड दाखवू? मशीनवर काढा. मशीननं सांगितलं तर मी आत्ता सही करतो."

"मशीनला बाटलीतलंच रक्त लागतं, दाजी. पुन्हा तेच होणार."

"मग कोल्हापूर."

आतून ताई ओरडली. नर्स बाहेर आली आणि बाईंच्या कानात काहीतरी बोलली. बाईंचा चेहरा पहिल्यांदाच बदलला.

"वृषाली," त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "दहा मिनिटांत रिपोर्ट आण. कसाही." आणि आत गेल्या.

मी लॅबमध्ये आले. काका मायक्रोस्कोप पुसत होते. मी कॉम्प्युटर चालू केला, दाजींचा नमुना उघडला. नाव, वय, तारीख. प्लेटलेटच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता. मी एक लाख एकाहत्तर हजार घातले. दोघांतला कमी आकडा घातला, एवढीच माझी सावधगिरी. ड्रॉवरमधून सहीचा कोरा कागद काढून प्रिंटरला लावला. प्रिंटर करकरत एकेक ओळ छापत गेला. शेवटची ओळ मला खोडता येत नव्हती. आली असती तरी मी ती खोडली नसती.

काकांनी कागद वाचला. ती खालची ओळही वाचली.

"आकडा खरा आहे ना?" मी विचारलं.

"आकडा खरा आहे," ते म्हणाले. "पळ."

दाजींनी कागद दोन्ही हातांत धरला. चौकट, सही, आकडा. मग त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली आणि त्यांचे खांदे खाली आले.

"आता बरोबर आलं बघ," ते म्हणाले. "पहिल्या वेळी तुमच्याकडूनच काहीतरी गडबड झाली असणार. मशीन कशाला चुकतंय?"

त्यांनी सही केली.

पुढची चाळीस मिनिटं मी दवाखान्याच्या भिंतीला टेकून उभी होते. मी खोटं बोलले होते की खरं, हे मला त्या वेळी ठरवता येत नव्हतं. फक्त एकच कळत होतं, आत ताईचं रक्त थांबलं नाही, तर तो कागद माझा आहे. ना मशीनचा, ना सरांचा, ना काकांचा. दार उघडून नर्स कापसाचा गठ्ठा मागायला आली तेव्हा मी आधी तिच्या हातांवर रक्त किती आहे ते बघितलं.

मग रडणं ऐकू आलं. चिडलेलं, खणखणीत. बेनाडीकर बाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या. "मुलगी आहे. दोघी चांगल्या आहेत. रक्त नेहमीएवढंच गेलं." आणि जाता जाता माझ्या डोक्यावर टप्पल मारून गेल्या.

मी लॅबमध्ये परतले तेव्हा मायक्रोस्कोप पाटावर परत बसला होता, माळ घालून. काका नवीन कुंकू लावत होते. संध्याकाळी दाजी पेढे आणि एक भला मोठा हार घेऊन आले. हार त्यांनी मशीनला घातला. काकांनी पेढा घेतला, अर्धा मला दिला आणि म्हणाले, "गोड आहे."

दसरा होऊन सर परत आले. दाजींनी त्यांना सगळी हकीकत सांगितली, त्यांच्या परीनं. सर खूश झाले. हसत हसत काकांना म्हणाले, "बघा हिरेमठ, आता तुमचा मायक्रोस्कोप पेटीत ठेवायला हरकत नाही. तुम्हीही दगदग कशाला करता या वयात?" ते तेवढंच म्हणाले, पण सगळ्यांना कळलं. काकांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी बोलायला हवं होतं. बोलले असते तर सहीच्या कागदाचं सांगावं लागलं असतं, खालच्या ओळीचं सांगावं लागलं असतं. नोकरी गेली असती, कदाचित आणखीही काही. मी फरशीकडं बघत उभी राहिले. काका "बरं" म्हणाले. दिवाळीनंतर ते आले नाहीत. जाताना मायक्रोस्कोप त्यांनी माझ्याकडं ठेवला. चिटोरा माझ्यापाशीच होता.

तो छापील रिपोर्ट दाजींनी लॅमिनेट करून क्लासच्या भिंतीवर लावला. बावीस वर्षं तो तिथं होता. नव्या पोरांची पहिली बॅच बसली की दाजी त्याच्याकडं बोट दाखवून सांगत, कॉम्प्युटर म्हणजे काय ते बघा, माझी बायको आणि पोरगी या कागदानं वाचवली.

गेल्या वर्षी हिरेमठ काका गेले. मातीला जाऊन आम्ही दाजींच्या घरी चहाला बसलो. ताई होती, त्या दिवशी जन्मलेली त्यांची सानिका पुण्याहून आली होती. ती कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. दाजी म्हणाले, "भला माणूस होता. पण काळाबरोबर चालला नाही."

तेवढं एक वाक्य पुरलं. मी पर्समधून चिटोरा काढला आणि त्यांच्यापुढं ठेवला. "दाजी, तो भिंतीवरचा आकडा मशीनचा नाही. माझा आहे. काकांनी आणि मी हातानं मोजलेला. मी तो कॉम्प्युटरवर टाईप केला, कारण तुम्ही दुसरं काही मानत नव्हता."

दाजींनी चिटोऱ्याकडं बघितलं. मग हसले. "काहीतरीच. वाईट वाटतंय तुला आज, कळतं मला." त्यांनी खाली क्लासमध्ये जाऊन तो लॅमिनेट केलेला कागद आणला, चष्मा लावला आणि मला खालची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. 'संपूर्ण स्वयंचलित संगणकीय मशीनवर तयार केलेला आहे.' "एवढं छापलंय, ते काय खोटं असेल?"

ती ओळ त्यांनीच टाईप केली होती. हे मी त्यांना कशी सांगणार होते?

सानिका दोन्ही कागद शेजारी ठेवून बघत होती. मी तिला चांदणीचंही सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडं पण असंच आहे, मावशी. मशीनला खात्री नसली की ते तसं सांगतं. पण लोकांना ते आवडत नाही, म्हणून आम्ही दाखवत नाही."

तेव्हा ताईनं आपला डावा हात पुढं केला आणि अनामिका वर धरली.

"ह्या बोटातून घेतलं होतं," ती म्हणाली. "काकांनीच. मला शुद्ध होती की. सुई टोचली आणि हात सोडला, तर मनगटावर लालभडक. मला वाटलं, संपलं, माझं रक्तच थांबत नाही. आत घेऊन गेले तरी मी तेच बघत होते. वाहत नव्हतं, वाढत नव्हतं. मग मी ते चोळून बघितलं."

दाजींनी चष्मा काढला.

"कुंकू होतं ते," ताई म्हणाली.